लक्षण ठीक नाही

१२ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

गुडघा सोडला तर मी बरी आहे. वॉर्डातल्या सगळ्या सिस्टर तुझी आठवण काढतात. तीन आठवडे वही घेऊन आमच्यामागे फिरलीस, पण एकदाही शहाणपणा शिकवला नाहीस, याचंच त्यांना अप्रूप.

नर्सिंगनंतर तू कॉम्प्युटरची जोड असलेलं एम.एस्सी. घेतलंस, तेव्हा 'धड ना इकडची, ना तिकडची होशील' असं मीच म्हणाले होते. शब्द मागे घेते. तुझ्या वर्गातल्या इंजिनीयरला वाटत होतं, नाडी, ताप, रक्तदाब भरला की यंत्र पेशंटची तब्येत सांगेल. तू त्याला विचारलंस म्हणे, "आणि सिस्टर म्हणते, 'लक्षण ठीक नाही', ते कुठे भरायचं?" आणि तू त्याच नावाचं बटण आमच्या वॉर्डातल्या स्क्रीनवर आणलंस. दाबलं की डॉक्टरांनी यायचं, कारण विचारायचं नाही. आम्ही पोट धरून हसलो होतो.

परवा सकाळी सात नंबरच्या खाटेवरच्या मास्तरांचे आकडे अगदी उत्तम होते. पण रोज चहाला नावं ठेवणारा माणूस निमूट चहा प्यायला. मी बटण दाबलं. डॉक्टर कपाळाला आठ्या घालून आले, पोट तपासलं आणि एकच धावपळ उडाली. आत रक्तस्राव होत होता. मास्तर वाचले, ठमे. मला तुझा इतका अभिमान वाटला की औषधांच्या खोलीत जाऊन रडले.

आता तुझ्या फॉर्मचं. बटण वॉर्डात कायमचं ठेवायला इन्चार्ज म्हणून माझी सही हवी, तिच्यावाचून तुझा प्रबंध अडलाय. महिनाभर मी 'वेळ नाही' म्हणत राहिले. ते खोटं होतं.

आई याच वॉर्डात होती. त्या दुपारी ती माझ्याशी बोलेना, नुसती छताकडे बघत होती. मला कळलं होतं. पण आकडे चांगले होते, आणि स्वतःच्या आईसाठी उगाच कांगावा करते असं डॉक्टर म्हणतील, म्हणून मी गप्प बसले. संध्याकाळी ती गेली. तुला सांगितलं, अचानक झालं. तुझं बटण दिसलं की मला ती दुपार दिसायची, एवढ्यासाठी मी तुझी वाट अडवली.

सही करून फॉर्म सोबत पाठवतेय. हे वाचून माझं तोंड बघू नये असं वाटलं, तरी तो वेळेत भर.

आईची आणि तुझी अपराधी,
ताई