शबानाताईंचा जुना संगणक

कोथरूड, गुरुवार संध्याकाळ

वारज्याच्या शबानाताईंचा प्रश्न डोक्यातून जात नाहीये. त्यांना दिसत नाही. आमचा प्रोग्राम त्यांना पुस्तकं वाचून दाखवतो. कालच्या अपडेटपासून तो उघडला की लगेच बंद पडतोय. उद्या त्यांना वर्गात धडा शिकवायचाय. सकाळी फोनवर विचारत होत्या, "अहो, माझ्याच हातून काही बिघडलं का?"

कारण दुपारी सापडलं. बिल्डसाठी, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालता प्रोग्राम बनवायला, ऑफिसात नवं मशीन आलंय. प्रोसेसर कोणता, हे बिल्ड त्या मशीनकडेच बघून ठरवतं आणि फक्त नव्या प्रोसेसरला कळतील अशा सूचना प्रोग्राममध्ये घालतं. ताईंचा संगणक जुना, त्याला त्या कळत नाहीत. बनवणाऱ्याकडे बघून कसं चालेल? वापरणाऱ्याकडे कमीत कमी काय आहे, ते आपणच बिल्डला सांगायला नको?

आमच्या टीममधला समीर म्हणाला, "नवा संगणक घ्यायला सांग की." मी सरळ ताईंना फोन लावून त्याच्या हातात दिला. त्यांनी त्यालाही तेच विचारलं. तो म्हणाला, "नाही ताई, तुमचं काही चुकलं नाही. आमचं चुकलंय." आणि जुन्या प्रोसेसरची पातळी ठरवून देऊन त्यानेच बिल्ड पुन्हा केलं, ताईंना नवं अपडेट पाठवलं.

आत्ता ताईंचा फोन आला होता. प्रोग्राम उद्याचा धडा वाचत होता, तोच आवाज ऐकवत राहिल्या. मीही ऐकत बसले.