टाकीत सोडलेला घास

१२ सप्टें., शुक्र.
सासऱ्यांचं श्राद्ध आटोपलं. हे ठाण्याला हॉस्पिटलात, हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, अजय वडिलांजवळ. म्हणून यंदा धाकटे दीर बसले. मुरबाडहून आले, जाऊबाई सुनंदाही. कावळा शिवेना. मी स्वयंपाकघरात. भाऊजी हात पुसत आले.
"वैनी, पोचला घास. टाकीत सोडला."
"कुठल्या टाकीत?"
"दादाच्या माशांच्या. आमी गावाला नदीतच सोडतो ना. बाबूनं तर अख्खा वडा ओढला!"
जाऊन पाहिलं. भात, वडे, खीर. पाणी ताकासारखं. चहाच्या गाळणीने निघेल तेवढं काढलं. श्राद्धाच्या दिवशी ओरडायचं नाही, म्हणून ओरडले नाही. थोडी ओरडले.

१३, शनि.
टाकीला कुबट वास. अन्न सडलं की अमोनिया होतो, म्हणून नळीत टाकीचं पाणी घेऊन ह्यांच्या डबीतले थेंब घालून तपासलं. पाणी पिवळं राहायला हवं. गर्द हिरवं झालं, म्हणजे विषच. केमिस्ट्रीत बी.एस्सी. केलं, तरी पुन्हा तपासून पाहिलं. हिरवंच.
दोन लहान मासे गेले. बाबू, सगळ्यात मोठा मासा, वर येऊन तोंड उघडतोय. ह्यांचा लाडका, ह्यांच्या हातून खातो. ऑपरेशनला नेतानाही शेवटचं बोलणं काय, तर "बाबूला उपाशी ठेव, पण जास्त घालू नकोस."
सुनंदा: "ताई, सगळं पानी फेकू नि टाकी चकचकीत घासू."
नको म्हटलं. फिल्टरच्या स्पंजातले जंतूच अमो. संपवतात. तो धुतला की खेळ खलास.
"आता जंतू पाळायचं गो ताई?" हसली. मला हसू आलं नाही.
पाव पाणी बदललं. नळाला ब्लीचिंगचा वास, म्हणून शेजारच्या विहिरीचं. भाऊजी निमूट बादल्या आणतायत.
अजयचा फोन. "आई, बाबांना सांगू नकोस हं. धक्का नको." मागून हे: "बाबू कसा आहे?" म्हटलं, आहे. खोटं नव्हे. पण...

१४, रवि.
वीज गेली. हवेचा पंप बंद. टाकीतलंच पाणी तांब्याने उंचावरून ओतत बसले, तेवढीच हवा मिसळते. मग भाऊजी ओतत बसले, मग सुनंदा.
बाबू कुशीवर. कल्ले लालभडक. हा गेला तर ह्यांना कोणत्या तोंडाने... लिहीत नाही.
संध्याकाळी वीज आली, तोच ह्यांचाच व्हिडिओ कॉल. "टाकी दाखव." मागून अजय नको नको करत होता. दाखवली. झालं ते सगळं सांगितलं. चष्मा मागवून बाबूला नीट पाहिलं. वाटलं, हे मी काय करून बसले.
मग म्हणाले, "आबांच्या श्राद्धाचे वडे मलाही कधी पचले नाहीत."
भाऊजी रडायलाच लागले. "चुकलं रे दादा."
"रडू नको, पाणी आण. हिला बादली उचलू देऊ नकोस. पुन्हा पाव बदला नि मला रंग सांगा."

१५, सोम.
रंग हिरवाच, जरा फिकट. बाबू तळाशी आडवा, कल्ले हलतायत.
ह्यांना आज घरी सोडणार होते, नाही सोडलं. काल फोननंतर दम लागला म्हणे. अजयला विचारलं, "माझ्यामुळे?" "नाही" म्हणाला. फार पटकन म्हणाला.
भाऊजी गावी गेले नाहीत. बादल्या भरून ठेवल्यात. पाणी बदलायला उठते.