आत्याच्या परसातली पाणीरेषा

धरण छावणी, लॉरेल फोर्क, टेनेसी
गुरुवार, १२ जुलै १९३४

ती. डॉर्कस आत्यास,

अ‍ॅम्ब्रोजचा नमस्कार (गुडघ्यापर्यंत चिखल असल्यामुळे उभ्याउभ्याच केलेला, गोड मानून घे). तुझी कंबर कशी आहे? क्लोव्हर दूध देते, की अजून नुसत्या लाथाच देते? जनरलला सांग, माझ्या पोटरीची जखम भरली, पँट मात्र गेली ती गेलीच. जो कुत्रा पिल्लू असताना मी त्याला बाटलीने दूध पाजलं, त्याने मी सरकारी टोपी घालून आलो म्हणून मला ओळखू नये, याचं फार वाईट वाटलं.

रविवारी जेवताना तू विचारलंस की धरण भरल्यावर पाणी कुठवर येणार आणि आपलं घर रेषेच्या आत की बाहेर. माझ्या तोंडात कोंबडीची तंगडी होती, आणि ती संपली तेव्हा तू दुसरी वाढलीस. तोंडावर बोलायला मला धीर होत नाही, म्हणून हे पत्र. उत्तर देतोच, पण त्याआधी माझी इथे काय दशा झाली आहे ती ऐक.

कॉलेजातून बाहेर पडताना मला वाटलं होतं, आता आपण पूल बांधणार, पेपरात फोटो येणार. प्रत्यक्षात पहिली दोन वर्षं नदीत उभं राहून मोजपट्टी धरली. पुढची तीन वर्षं दुसऱ्याने धरलेल्या पट्टीकडे दुर्बिणीतून पाहिलं. (आमच्या धंद्यात याला बढती म्हणतात.) आता कुठे पहिलं स्वतंत्र काम मिळालं आहे: पाणी जिथवर चढणार तिथे दरीभर लाल डोक्याच्या खुंट्या ठोकायच्या. शनिवारी हॅलोरन साहेब ती रेषा पायी फिरून पाहणार. या माणसाने पश्चिमेकडे पाच धरणं बांधली, एकही फुटलं नाही. रेषा बरोबर निघाली तर ते मला सहायक इंजिनियर म्हणून वायोमिंगच्या नव्या धरणावर नेणार. चुकली तर मी पुन्हा नदीत, पट्टी धरून. परवावर आलं आहे सगळं.

त्यातच तू दोन आठवड्यांपूर्वी चर्चच्या पायरीवर चारचौघींत म्हणालीस म्हणे, ‘रेषा आखणारा आमचाच अ‍ॅम्ब्रोज आहे. माझ्या दाराशी आली की वळवेल तिला.’ आत्या, तुझा अभिमान मला समजतो. पण दुसऱ्या दिवशी तंबूचं दार उघडतो तर बाहेर मिसेस क्रॅबट्री, हातात सात थरांचा सफरचंदाचा केक! ‘वळवतोच आहेस तर आमच्या खुराड्यावरूनही वळव की रे राजा. एवढीशी तर रेघ.’ मी त्यांना समजावलं की पाण्याकडे वशिला चालत नाही, ते सगळीकडे सारखंच चढतं, मी फक्त ते कुठे थांबेल तिथे खुंटी ठोकतो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘असू दे, असू दे. तू आधी केक खा.’ तेव्हापासून अख्ख्या दरीतून केक येताहेत. परत करावेत तर बाया रडतात, खावेत तर बंडीची बटणं तुटतात. पाद्री स्टॅलकप मात्र रिकाम्या हातांनी आले. ‘मोझेसने अख्खा समुद्र दुभंगवला, आणि तुला एक चर्च चुकवता येत नाही? कॉलेजात शिकवतात तरी काय?’ मी म्हटलं, मोझेसच्या डोक्यावर हॅलोरन साहेब नव्हते. ते रागावून गेले. आता रविवारी माझ्यावर प्रवचन असेल.

घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, तशी पुढची गोष्ट. तुझ्या शेताच्या बाजूच्या खुंट्या टिकतच नाहीत! गेल्या आठवड्यात ठोकल्या, गेल्या. पुन्हा ठोकल्या, पुन्हा गेल्या. परवा ठोकल्या त्याही काल सकाळी नाहीत. (क्रॅबट्रींच्या खुराड्याजवळच्या मात्र जागच्या जागी आहेत.) माझी पट्टी धरणारा व्हर्जिल म्हणाला, ‘गाय खात असेल.’ आणि मी इतका घाबरलेला, की साहेबांना तेच सांगून मोकळा झालो. साहेबांनी तोंडातला चिरूट काढला. ‘अ‍ॅम्ब्रोज, मी वाळूची वादळं पाहिली, बुटात झोपलेले साप पाहिले. लाकूड खाणारी गाय नाही पाहिली. शनिवारी दाखव मला.’ म्हणजे आता शनिवारी रेषाही दाखवायची आणि गायही.

बाकी सर्व ठीक. कंबरेला शेकत जा. तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच, पण हे पत्र घेऊन येणारा व्हर्जिल खेचरावर बसून खोळंबला आहे.

तुझा,
अ‍ॅम्ब्रोज

ता. क. रविवारी तू हौसेने परसातला घेवडा दाखवलास. वेल फार छान चढले आहेत. ते ज्यांवर चढले आहेत त्या काठ्यांची डोकी लाल आहेत, आणि एकीवर माझ्या अक्षरात आकडा आहे. मी वेलांचंच कौतुक केलं. तू जनरलला उगाच रागावलीस.

ता. क. २. तुझ्या प्रश्नाचं उत्तर. खुंट्या तू घराच्या वरच्या चढावरून उपटल्यास, म्हणजे उत्तर तुला ठाऊक होतं. तरी विचारलंस, मी काही वेगळं सांगेन म्हणून. आत्या, खुंट्या गेल्या की दर वेळी मी शाळेच्या पायरीवरच्या, उंची कोरलेल्या पितळी खुणेपासून मोजत आलो आणि मोजत परत गेलो. शेवटी आकडा जुळला तर काम बरोबर. एरवी तो जुळावा म्हणून मी देव पाण्यात ठेवतो. या वेळी न जुळावा म्हणून ठेवले होते. दर वेळी जुळला. पाणी स्वयंपाकघराच्या खिडकीवर हातभर चढेल. मला फार वाईट वाटतं. आज पुन्हा ठोकल्या आहेत. शनिवारपर्यंत तरी राहू दे. परसातल्या उपटू नकोस, घेवड्याला शेंगा धरल्यात.

ता. क. ३. व्हर्जिलला थांबवून लिहितो आहे. आत्ता हॅलोरन साहेब तुझ्याच रस्त्याने छावणीत आले. टोपी काढून म्हणाले, ‘तुझी गाय दिसली. घेवडा छान आलाय तिचा.’ ते खुर्ची ओढून बसले. ‘पहिल्या धरणावर माझीही एक गाय होती. सासूबाई. घर बुडालं तेव्हा तीन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. पुढच्या चारही धरणांवर मात्र आमच्याबरोबर होत्या.’ मग म्हणाले, वायोमिंगला सहायकाला दोन खोल्यांचं घर मिळतं, आणि मी म्हणे एका खोलीत मावतो.

तर आत्या, आता एवढंच विचारतो: येशील का? क्लोव्हर आणि जनरलचं बघू आपण. घर टेकडीवर आहे, हे मी आधी विचारून घेतलं. येताना घेवड्याचं बी विसरू नकोस. खुंट्या मी देईन.