चार बोटांवरचा रुमाल

तीर्थरूप आत्याच्या चरणी,

साष्टांग नमस्कार, त्यातही आपल्या जुन्या डाव्या गुडघ्याला एक आणि नव्या उजव्या गुडघ्याला एक, असे दोन वेगवेगळे. सूज उतरली का, जिना चढवतो का, आणि औषधांच्या वेळा वहिनी आपल्याला सांगते की आपणच तिला, हे सविस्तर कळवावे. इकडे सगळे मजेत आहोत असं या जागी लिहायचं असतं म्हणून लिहिलं आहे, ते फार मनावर घेऊ नये. (‘आपण’ इथेच थांबवते. मोठ्यांना पत्रात अहो-जाहो करावं असं आईने सांगितलं होतं. पण जिला जन्मभर ‘ए आत्या’ म्हटलं तिच्यासमोर कान धरायचा आणि ‘आपण’ म्हणायचं, म्हणजे धरलेला कान शेजाऱ्याचा असल्यासारखा वाटतो.)

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू पहिल्याच वाक्याला ‘मुद्द्याचं बोल’ म्हणतेस, आणि मुद्दा असा आहे की तुझे तिन्ही हंसराज गेले. बघ, एका ओळीत संपला. दोष माझा आहे हे खरं तर शेवटी यायचं होतं, पण तेही इथेच लिहून टाकते, कारण पुढे आईचा उल्लेख येईल आणि तेवढ्यावरून तू फोन उचलशील. कृपा करून आधी पत्र पुरं वाच.

तू कुंड्या घेऊन आलीस तो दिवस आठव. रिक्षात एक मांडीवर, दोन पायांत, आणि आठवड्यावर आलेलं ऑपरेशन. अकरा वर्षं जपलेली झाडं दारातच पुढे करून तू म्हणालीस, हिच्याकडे देते, ही शिकलेली आहे. आई शेजारीच उभी होती. मला वाटलं माझा सत्कार चाललाय. आईला काय वाटलं असेल हा प्रश्न मला आता, अडीच महिन्यांनी पडतोय. (पदवी घरात एकालाच मिळाली की तिची अशी पंचाईत होते. बाबांनी ती दारासमोर टांगली आहे, आणि येणारा-जाणारा तिच्याकडे बघतो तेव्हा मला सारखं काहीतरी करून दाखवावंसं वाटतं.) जाताना तू एवढंच सांगितलंस की रोज पानाला आणि मातीला हात लावून बघत जा. तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या नर्सचं ते बोलणं. आधी पेशंट बघ, मग खाटेच्या पायथ्याचा तक्ता बघ, हे तू नव्या पोरींना सांगायचीस ते मला लहानपणापासून पाठ. तरीही वहीच्या पहिल्या पानावर मी ‘हात लावणे : पारंपरिक मत’ असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं. ते पान फाडलेलं नाही. आलीस की दाखवेन.

हंसराज म्हणजे नेच्यांतलं नाजूक प्रकरण. हवा कोरडी झाली की त्याची पानं जुन्या कागदासारखी चुरचुरतात, आणि आमच्या घरची हवा म्हणजे बाबांच्या इस्त्रीची हवा. पुस्तकात (हो, पुस्तकात) उपाय सापडला: घरातच एक बंद तंबू, वर दिवा, हवा खेळती ठेवायला लहान पंखा, आत पाणी उकळून वाफ सोडणारं यंत्र, आणि तापमान व ओलावा दाखवणारं काडेपेटीएवढं मीटर. चोवीस अंश, साठ टक्के. तंबू बाबांनी शिवला. गिऱ्हाइकाचं घ्यावं तसं कुंड्यांचं माप घेतलं, आणि घेर जरा सैल ठेवतो म्हणाले, वाढत्या अंगाचे आहेत. रेनकोटचं चंदेरी अस्तर, दुहेरी शिवण, जुन्या सुटकेसची चेन. आतल्या बाजूला एक खिसाही लावला. खिसा कशाला, असं विचारलं तर म्हणाले, खिसा नसला की काम अर्धवट वाटतं. त्या खिशाचं पुढे येईलच.

तंबूतून जांभळा उजेड बाहेर पडायचा. तो खालच्या मजल्यावरच्या हवालदारकाकांनी बघितला. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी त्यांची नजर नोकरीतच आहे. आठवड्यात तीनदा ते साखर मागायला आले. (त्यांना मधुमेह आहे.) चौथ्यांदा त्यांनी सरळच विचारलं की ह्यात काय पिकतं. बाबा म्हणाले, बहिणीची झाडं आहेत, बघा की. काका मांडी घालून बसले, एकेक पान उलटून बघितलं, वास घेतला आणि फार निराश होऊन उठले. मी त्या वेळी पोट धरून हसले होते. पुढे त्यांनीच मला रडवलं.

आता वहीबद्दल. आमच्या बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत प्रत्येक कपाटाची वही असते: वेळ, तापमान, ओलावा, शेरा, सही. मी तशीच घरी आखली. सकाळी आठ आणि संध्याकाळी सातची नोंद माझी. मी कामावर असताना दुपारी एक आणि चारची आईची. आई चौथीपर्यंत शिकली आहे हे तुला माहीत आहेच, पण तिला सही करायची किती हौस आहे हे मला माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी तिने पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, ते चौकट ओलांडून पार शेऱ्यात गेलं. मी तिला समजावलं की आद्याक्षरं पुरतात, शेऱ्याची जागा खाल्ली जाते. ती बरं म्हणाली. तेव्हापासून सहीच्या चौकटीत दोन अक्षरं येऊ लागली, कोपऱ्यात अंग चोरून बसल्यासारखी.

पहिले चार दिवस साठ, अठ्ठावन्न, एकसष्ट. पाचव्या दिवशी दुपारी एकला चौतीस, चारला एकतीस. मी त्या आकड्यांभोवती लाल गोल काढले आणि शेऱ्यात लिहिलं, ‘कारण लिहा.’ दुसऱ्या दिवशी आईने एकच शब्द लिहिला: ‘इस्त्री.’ त्याच्याखाली मी लिहिलं, ‘हे कारण होऊ शकत नाही.’ आत्या, त्या वेळी आई माझ्यापासून चार पावलांवर भाजी चिरत होती. मान वळवून विचारलं असतं तर कळलं असतं की बाबांची इस्त्री, शिलाईयंत्राची मोटर आणि माझं वाफेचं यंत्र तिन्ही एकदम लावली की फट् होऊन घरातली वीज जाते. बाबांकडे एका बेकरीचे दर आठवड्याला चाळीस ॲप्रन यायला लागले होते आणि ते दिवसाउजेडीच व्हायला हवे होते. म्हणून दहा ते पाच इस्त्री, आणि पाचनंतर, मी यायच्या आत, वाफ. यापेक्षा नेमकं कारण आमच्या प्रयोगशाळेतही कोणी लिहीत नाही. पण मी विचारलं नाही, मी लिहिलं. आणि समोर बसलेल्या आईला लाल शाईने लिहिलं.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं. साठ. साठ. साठ. एकोणसाठ. साठ. तुला मागच्या पत्रात मोठ्या ऐटीत कळवलं होतं बघ, की आई आता तयार झाली, तिच्या नोंदी माझ्यापेक्षा स्थिर असतात. तू उत्तरात विचारलं होतंस, झाडं कशी आहेत? मी त्यावर तुला आकडे पाठवले.

झाडं करपत होती. आधी कडा, मग टोकं, मग आख्ख्या फांद्या. मी रोज संध्याकाळी सातला चेन उघडायची, आत वाफ असायची, मीटर साठ दाखवायचं, आणि मी लिहायची, ‘पाने तपकिरी. ओलावा योग्य. कारण अज्ञात.’ खत बदललं. पाणी गाळून, मग उकळून, मग उकळून-गाळून घातलं. दिवा वर केला, खाली केला. सगळ्यांवर संशय घेतला, एका साठवर तेवढा घेतला नाही. पान बोटांत धरून चुरलं असतं तर भर दुपारची इस्त्री त्यातून ऐकू आली असती. पण हात लावणे हे पारंपरिक मत.

मग एका रविवारी हवालदारकाका चहाला आले आणि सहज म्हणून वही चाळायला लागले. एकेका साठवर बोट ठेवत गेले. मग चष्मा काढून म्हणाले, “पोरी, पाच साक्षीदार पाच वेळा शब्दाला शब्द एकच बोलले, की आम्ही समजायचो यांना कोणीतरी पढवलंय. खरा माणूस जरा चुकतो.” आई तेव्हा कपबश्या उचलत होती. तिने त्या जरा घाईने उचलल्या.

मंगळवारी प्रयोगशाळेत दुरुस्ती निघाली आणि मी दुपारी साडेबाराला घरी आले. बाबांची इस्त्री चालू, वाफेचं यंत्र बंद, आणि आई तंबूसमोर उकिडवी बसलेली. हातात बाबांचा चौकड्यांचा रुमाल, ओला करून घट्ट पिळलेला. तिने तो कपड्याच्या चिमट्याने आतल्या दोरीला लावला, मीटर आणि रुमाल यांच्यामध्ये हात आडवा धरून चार बोटं मोजली, रुमाल जरासा सरकवला आणि आकड्याकडे बघत बसली. (तीस टक्क्यांच्या तंबूत मीटरपुरते साठ टक्के. बाकी दिवसभर रुमाल बाबांच्या त्या खिशात. खिसा नसता तर खरंच काम अर्धवट राहिलं असतं.) मला बघून ती दचकली नाही. रुमाल काढून मुठीत घेतला आणि म्हणाली, “तुला साठ लागतात ना.”

मी काय बोलले ते लिहीत नाही. ‘फसवणूक’ हा शब्द त्यात होता. बाबांनी इस्त्री उभी केली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे असं बघितलं की मला पदवीवाल्या भिंतीकडे बघावं लागलं. आई मात्र शांतपणे सगळं सांगत गेली, कविता पाठ म्हणून दाखवावी तशी: दोन बोटांवर रुमाल धरला की ऐंशी येतात, ते जास्त होतात, एक वीत लांब धरला की चाळीस, पंखा जोरात असेल तर पुन्हा पिळावा लागतो. आत्या, तिने हे दोन दिवसांत एकटीने शोधून काढलं होतं. कॉलेजात याला प्रयोग म्हणतात आणि त्याला गुण असतात. मी तिला लाल गोल दिले.

झाडांचं मी तुला लाख वेळा सॉरी म्हणेन, आणि तरी ते पुरणार नाही हे मला माहीत आहे. तिन्ही कुंड्यांत आता काड्या आहेत. पण त्याहून एक गोष्ट मला झोपू देत नाही, ती तुला सांगते. त्या दिवसापासून आई मला विचारते. खिडकी उघडू का गं? पंखा लावू का? हा दिवा मालवला तर चालेल? तिच्याच घरात, तिनेच पुसलेल्या खिडकीपाशी उभी राहून. मी म्हणते, आई, मला कशाला विचारतेस? ती म्हणते, विचारलेलं बरं. बाबासुद्धा इस्त्री लावायच्या आधी मान वर करून बघतात. मी माफी मागितली, दोनदा. ती म्हणाली, अगं तुझं बरोबरच होतं. यावर काय बोलायचं ते कोणत्या पुस्तकात आहे? तू बाबांशी भांडून मला कॉलेजला घातलंस ते घरात एक तरी डोकं वर व्हावं म्हणून. ते वर झालं, आणि आईचं खाली गेलं.

वहिनीला आणि दादाला नमस्कार. नव्या गुडघ्याला जप.

तुझी
(शिकलेली) भाची

ता. क. तू चालायला लागलीस की आधी आमच्याकडे ये, हे सांगायला खरं म्हणजे पत्र लिहिलं. कुंड्या बघायला नको. आईसमोर, बाबांसमोर, जमलं तर हवालदारकाकांसमोर मला झाप. चांगली वॉर्डातल्यासारखी, जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशी. मला झापणारं तुझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही, आणि कोणीतरी झापल्याशिवाय आई मला विचारायचं थांबणार नाही.

ता. क. दुसरा. आईला यातलं काही कळू देऊ नकोस. मी कामावर निघाले आहे. पाकीट चिकटवून पेटीत टाकायला तिच्याकडे देते आहे.

ता. क. तिसरा. वन्सं, नमस्कार. पाकीट उघडंच होतं, वाचलं. चार बोटं नाही, तीन बोटं. चारवर पंचावन्न यायचे. एवढं शिकून नीट बघितलं नाही. मधली कुंडी तुम्ही आणलीत तेव्हाच गेलेली होती, ते तुम्हाला माहीत आहे आणि मला. पोरीला झापायचं तर दोनच कुंड्यांचं झापा. पण या जरूर. तंबूत आज चादरी वाळत घातल्या, दिव्याखाली चांगल्या वाळतात. कोणाला विचारलं नाही. खाली सही करते, पूर्ण नावाची. इथे चौकट नाही.