मोठ्या मिक्सरची किंमत

चि. वनमाला,

मी छेडाशेठच्या दुकानात गेलो आहे. जेवायला थांबू नकोस. मिक्सरच्या किमतीतला फरक माझ्या पोस्टातल्या पैशांतून देऊन येतो.

रागावशील, ठाऊक आहे. काल शेठ तो फरक मागायला दारात आले तेव्हा तू त्यांना चांगलंच ऐकवलंस, "लहान मिक्सरची किंमत मोठ्यावर तुम्हीच चिकटवलीत ना? बिल झालंय. आता ग्राहकांचा कायदा आलाय, शेठ!" मग माझ्याकडे वळून म्हणालीस, "अप्पा, तुम्ही एवढं वाचता, सांगा ना यांना!" मीही मान डोलावली. इतक्या वर्षांत माझं वाचन तुला पहिल्यांदाच उपयोगी वाटलं, म्हणून बरं वाटलं.

आज सकाळी वाचनालयात जाऊन पाहिलं. बिल झाल्यावर दुकानदाराला जादा मागता येत नाही, असंच मला तरी समजलं. पण त्या पुस्तकात माझ्यासारख्या गिऱ्हाइकाबद्दल काही नाही. मिक्सर घेण्याआधी तीन रविवार मी दुकानाच्या काचेबाहेर उभा राहून किमती वाचत होतो. आत जायचा धीर होत नव्हता. मोठ्याची खरी किंमत मला पाठ होती. बिल होताना मी गप्प बसलो, ते भिडेमुळे की लोभामुळे, माझं मलाच सांगता येत नाही.

तू मिक्सर लावलास की मी गॅलरीत जातो, ते आवाजाला कंटाळून नव्हे.

संध्याकाळी ओल्या नारळाची चटणी कर. मी आतच बसेन.

अप्पा