आपोआप बसलेला व्हॉल्व्ह

प्रिय बाबा,

रविवारी तुम्ही मधेच फोन बंद केलात आणि माझं उरलेलं वाक्य मी स्वयंपाकघराच्या भिंतीला ऐकवलं. भिंतीने निदान मधे तोंड घातलं नाही. म्हणून आज पत्र लिहितेय. पत्रात तुम्हाला "थांब, आधी माझं ऐक" असं म्हणता येणार नाही आणि मला आवाज चढवता येणार नाही. सात वर्षं दर रविवारी आपलं हेच चाललंय. आधी गुडघा कसा आहे, मग जेवलात का, आणि तिसऱ्या मिनिटाला तुम्ही हळूच काडी टाकता, "काय म्हणतोय तुमचा उत्क्रांतिवाद?" तुमचा म्हणे. जसा काही तो मी घरी पाळलाय आणि त्याला दोन वेळा खायला घालते.

दादा म्हणतो, "सोड ना. या वयात त्यांना काय पटवणार आहेस? हो ला हो म्हण आणि मोकळी हो." त्याला ते जमतं. तो फोन कानाशी धरून दुसरीकडे टीव्ही बघत असतो, हे तुम्हाला ठाऊक नसेल तर आज सांगून टाकते. मला नाही जमत. तुम्ही एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपघरात फिटर होतात. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू मोटरला आणि मूठ कानाला लावून कुठलं बेअरिंग जाणार ते सांगायचात, आणि ते जायचंच. अशा माणसाच्या हो ला हो करायचं म्हणजे त्याला तोंडावर म्हातारा म्हणायचं. त्यापेक्षा भांडलेलं बरं.

पण बाबा, तुमच्याशी भांडणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तुम्ही म्हणता, पंपाचा एक भाग काढा, पंप बंद. हृदयाची एक झडप काढा, माणूस बंद. मग हे सगळे भाग एकदमच बसवलेले असणार, आणि बसवायचे तर बसवणारा हवा. मी म्हणते, अहो, माशाच्या हृदयाला दोनच कप्पे असतात, बेडकाला तीन, आणि सरड्याच्या हृदयात मधली भिंत अर्धीच असते. अर्ध्या भिंतीवर त्याचं आयुष्य निघतं. अर्धवट म्हणजे बंद, असं नसतं. यावर तुम्ही म्हणता, "तो सरड्याचा पंप. त्याला तेवढाच पुरतो." आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. माझ्या वर्गातली मुलं तासाला एकदा तरी मान हलवतात. तुम्ही तेवढंही करत नाही.

त्या गळ्याच्या नसेवरून झालेलं भांडण आठवतं? मी सांगत होते की मेंदूकडून स्वरयंत्राकडे जायची एक नस सरळ न जाता छातीत उतरते, हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालते आणि पुन्हा वर गळ्यात येते. वीतभर अंतरासाठी एवढी वारेमाप लांबी. जिराफात तर कित्येक फूट. मी विचारलं, कुठला शहाणा फिटर अशी लाइन टाकेल? तुम्ही जराही न थांबता म्हणालात, "मी टाकली आहे." आणि मग जुन्या पंपघराची ती सहा इंची लाइन सांगितलीत. पाडून टाकलेल्या टाकीला वळसा घालून ती अजून जाते, कारण टाकी होती तेव्हा ती तशी टाकली होती आणि नंतर गावाचं पाणी एक दिवसही बंद ठेवता आलं नाही. "चालू लाइनवर काम करताना जसं जमेल तसंच करावं लागतं," असं तुम्ही म्हणालात. मी अक्षरशः उभी राहिले. म्हटलं, बाबा, हेच, अगदी हेच मी सात वर्षं सांगतेय. माशापासून इथपर्यंत लाइन एकदाही बंद ठेवता आली नाही, म्हणून हे वळसे. पलीकडे तुम्ही दोन घोट पाणी प्यायलात. मग म्हणालात, "पण फिटर होताच ना कुणीतरी."

उत्तर होतं माझ्याकडे. फिटर लागत नाही, गळणारी लाइन आपली आपण बाद होते, न गळणारी राहते आणि तिच्यासारख्याच पुढच्या निघतात. पण ते उत्तर मला दुसऱ्या दिवशी भाजी चिरताना सुचलं. तुमच्यासमोर नेहमी असंच होतं.

आईबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण तिला वगळलं तर या पत्राला अर्थ नाही. मोठ्या डॉक्टरांनी तिच्या हृदयाच्या ऑपरेशनच्या आधी नमुन्याची धातूची झडप तुमच्या हातात दिली होती. तुम्ही ती उलटीसुलटी केलीत, एका बाजूने फुंकलीत, हवा गेली, मग दुसऱ्या बाजूने, ती अडली, आणि त्यांना म्हणालात, "नॉन-रिटर्न." ते हसले. लहानपणच्या तापाने आईची झडप आखडली आहे, हे ऑपरेशन ठरेपर्यंत आपल्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. त्यानंतर अकरा वर्षं ती नवी झडप आईच्या छातीत टिकटिकत होती, आणि दुपारी घर शांत असलं की आपल्याला ती ऐकू यायची. आई गेली त्याच वर्षी तुम्ही या विषयावर लिहायला बसलात. मी एकदा चिडून विचारलं होतं, बनवणारा एवढा हुशार होता तर एका तापाने वाकडी होईल अशी झडप आईलाच का बसवली त्याने? तुम्ही कप खाली ठेवलात आणि अंगणातल्या नळाचा वॉशर बदलायला गेलात. नळ गळत नव्हता. ते वाक्य मला परत घेता आलं असतं तर मी घेतलं असतं.

गेल्या बुधवारी आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात तुमचं बाड आलं. स्पायरल बाइंडिंग, दोनशे चौदा पानं, शाईने काढलेल्या आकृत्या. तुम्ही मला सांगितलं नव्हतंत. नावाची नुसती आद्याक्षरं घातलीत, तीही बहुधा मला त्रास नको म्हणून, आणि वशिल्याचं नको म्हणून. दुपारच्या चहाला सगळे स्टाफरूममध्ये होते. विभागप्रमुखांनी पहिलं पान मोठ्याने वाचलं. "मी एकतीस वर्षं पंप दुरुस्त केले. आपोआप बसलेला एकही व्हॉल्व्ह मला आढळला नाही." खोली हसली. वनस्पतिशास्त्राचे सर म्हणाले, "यांना वर देवाच्या कारखान्यात लावून घ्या, तिथे जागा असेल." पुन्हा हशा. बाड हातोहात फिरत माझ्याकडे आलं आणि मी आकृत्यांमधले बाण पाहिले. बाणाचं टोक अर्धं भरायचं आणि अर्धं मोकळं ठेवायचं, ही तुमची सवय. माझ्या शाळेच्या वह्यांत तुम्ही असेच बाण काढून दिले होतेत.

मी हसले, बाबा. मोठ्याने नाही, पण हसले. हसू आपोआप आलं असं लिहिणार होते, पण आपोआप काही होत नाही असं तुमचंच म्हणणं आहे, आणि या एका बाबतीत ते खरं आहे. मी शेजारच्यांकडे बघितलं, ते हसत होते, म्हणून हसले.

प्रमुख म्हणाले, रद्दीत टाका. मी ते पिशवीत घालून घरी आणलं आणि शनिवार-रविवार वाचलं. रविवारी तुमच्याशी बोलत होते तेव्हा ते माझ्या मांडीवर उघडं होतं. मी सारखी चिडत होते ती त्यामुळे. पुष्कळ ठिकाणी तुम्ही चुकला आहात. पेन्सिलने त्रेसष्ट खुणा केल्या आहेत, आणि बेडकाचं प्रकरण तर मुळापासून उसवायला हवं. पण पान एकशे दोनवर तुम्ही "या विषयावरील एका अभ्यासकाचा प्रबंध" म्हणून माझाच प्रबंध काढलात आणि लिहिलंत की त्यातल्या सरड्याच्या हृदयाच्या आकृतीत एक बाण उलटा आहे, असा प्रवाह वाहिला तर जनावर मरेल. मी प्रबंध काढून पाहिला. बाण उलटा आहे. माझ्या मार्गदर्शकांना दिसला नाही, दोन परीक्षकांना दिसला नाही, मलाही दिसला नाही. आणि पान एकशे एकाहत्तरवर तुम्ही लिहिलंय, "मी एक पंप असा पाहिला आहे, जो आखडलेल्या झडपेवर चौतीस वर्षं एक घर चालवत राहिला. तो नुसता योगायोगाने झाला, असं मला कुणी सांगू नये." तिथे मी खूण केलेली नाही. मला तुम्हाला तसं कधी सांगायचंच नव्हतं, आणि सात वर्षांत तुम्ही तेच ऐकत होतात, हे मला त्या पानावर कळलं. माझं शास्त्र आईला क्षुल्लक म्हणत नाही, बाबा. तुमचं म्हणणं मात्र मला आजही पटत नाही.

काल स्टाफरूममध्ये मी सांगितलं की ते बाड माझ्या वडिलांचं आहे. प्रमुखांनी चहा तसाच ठेवला आणि म्हणाले, "अहो, आधी सांगायचंत, ते पत्र थांबवलं असतं." त्याच पत्रासाठी हे सगळं लिहितेय. माझं हे पत्र उद्या पोचावं म्हणून जलद टपालाने पाठवतेय, कारण परवापर्यंत तुमच्याकडे विभागाचा शिक्का असलेलं एक पाकीट येईल. आत दोनच ओळी आहेत. "आपले लेखन काळजीपूर्वक वाचले. ते आमच्या अभ्यासक्षेत्रात बसत नसल्याने खेद वाटतो." खाली सही प्रमुखांची आहे. मजकूर माझा आहे. त्या बुधवारी त्यांनी मला लिहायला सांगितला आणि चहा संपायच्या आत मी लिहून दिला. त्यातली दुसरी ओळ खरी आहे. पहिली लिहिली, तेव्हा मी एक पानही वाचलेलं नव्हतं.

तुमचीच,
ठकू