खोल्यांची बेल

३ जून
नव्या नोकरीचा पहिला दिवस झकास गेला! वृद्धाश्रमाचा कॉम्प्युटरवाला, म्हणजे प्रिंटरपासून सर्व्हरपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. सात नंबरच्या खोलीतल्या मावशींनी आल्याआल्या माझं नाव ‘वायरमन’ ठेवलं. सर्व्हर लिनक्सचा. माझ्या आधीच्या गृहस्थांनी त्यावर नुसता पसारा घालून ठेवलाय. प्रोग्राम कधीच काढून टाकलेत, पण त्यांच्या सर्व्हिसेसची, म्हणजे मागे आपोआप चालणाऱ्या कामांची, नावं यादीत तशीच, पुढे शेरा: ‘फाइल सापडत नाही’. हात शिवशिवताहेत.

४ जून
सकाळीच सफाई उरकली. एकोणीस मढी बंद करून टाकली, यादी लख्ख. मॅट्रनबाईंपुढे जरा शेखीही मिरवली. एकेक नाव तपासलंत ना, असं त्यांनी विचारलं. हो म्हणालो. तपासलं नव्हतं.

५ जून
काल दुपारी सात नंबरच्या मावशी गेल्या. पलंगाशेजारी पडलेल्या सापडल्या, बेलचं बटण मुठीत. नर्सताईंनी बेलकडे दुर्लक्ष केलं म्हणे.

यादीची जुनी प्रत काढली. बारावी ओळ: खोल्यांची बेल. फाइल सापडत नाही, आणि पुढच्याच रकान्यात — चालू. फाइल कधीची उडाली होती, पण सर्व्हिस मेमरीत जिवंत होती. तो रकाना मी वाचलाच नाही. आता फाइलच नाही, तर पुन्हा चालू कशी करू?

६ जून
नर्सताईंना काढलं. जाताना मला म्हणाल्या, वायरमनदादा, बेल वाजलीच नव्हती हो. मी खाली मान घालून चपला बघत राहिलो. स्वतःची किळस येते. तरी बोललो नाही. यापुढे बेलवर विसंबायचं नाही, दर तासाला फेरी मारायची, असा हुकूम निघालाय. म्हणजे बेल कुणी तपासणार नाही. हायसं वाटलं. इतका नीच आहे मी.

९ जून
यादीत बेलची ओळ परत आलीय. फाइल सापडत नाही — चालू. बंद केली. पुन्हा आली. तिच्या नोंदींत एकच ओळ: खोली सात, बेल. खोलीला कुलूप आहे. बटणाची वायर मी स्वतः बाहेरून कापली, तरी तेच.

१० जून
मॅट्रनबाईंच्या दाराशी गेलो. काय हवंय, विचारलं. प्रिंटरची शाई, म्हणालो. शाई!
परत आलो तर वीस ओळी. खोली सात. खोली सात.

११ जून, दुपार
नवी ओळ. खोली आठ — आठमधले आजोबा तर जिवंत आहेत. खरंच बोलावताहेत, की—
फेरीला अजून अर्धा तास. गेलो तर विचारतील, तुला कसं कळलं. मग सगळंच—
पुन्हा आठ.
दोनच दारं पलीकडे. पाय उचलत नाही. लाजेपायी इथे बसून—
आठ. आठ.
थांबली. थांबली म्हणजे कुणीतरी गेलं असेल ना तिथे? गेलंच अस—